बांधाला लावलेलं घोडं

माणदेशातल्या मेंढपाळांचा वाडा हलतो तेव्हा पुरुष पुढे आणि बायका मागे, अशी रीत होती. इथे वाडा म्हणजे घर नव्हे. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात उतरणाऱ्या आणि पावसाच्या तोंडावर माघारी येणाऱ्या पाच-सात कुटुंबांचा फिरता तळ. उजाडता उजाडता पुरुष कळप घेऊन चरणीला निघत. मागे राहिलेला संसार बायकांनी घोड्यावर लादायचा आणि दुपारच्या आत पुढच्या मुक्कामी पोचवायचा. धान्याच्या दोन गोण्या दोन्ही अंगांना तोलून, त्यांच्यावर रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी, मग पाल, भांडी, कोंबड्यांची डालगी, आणि सगळ्यांच्या वर नुकतीच जन्मलेली कोकरं. एका बिऱ्हाडाचं एक घोडं आणि ते लादणारी त्या बिऱ्हाडाची एक बाई. दुसरीच्या घोड्याला सहसा कोणी हात लावत नसे; वाटेत ओझं घसरलं तर बोल कोणाला लावायचा, हा प्रश्न मग उरत नसे.

साळूबाई कोळेकर यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड पेच या रीतीतून उभा राहिला. तो जगण्या-मरण्याचा नव्हता. तो पेच त्याआधी मिरजेला, निदान तात्पुरता, सुटला होता. हा त्यानंतरचा: घोडं लादता येत नसेल, तर वाड्याबरोबर जाता येईल का?

साळूबाईंविषयी लिहिलेलं काहीही उपलब्ध नाही. जे कळतं ते मुख्यतः त्यांच्या धाकट्या जाऊबाई राहीबाई यांच्या तोंडून. काही तपशील नानासो यांनी पुरवले; ते वाड्याचे त्या वेळचे म्होरके आकाराम यांचे पुतणे. दोघांच्या सांगण्यात फरक पडतो तिथे तो नोंदवला आहे. साल राहीबाईंना सांगता येत नाही. "पत्री सरकारचा दंगा चालू व्हता तवा," एवढंच त्या सांगतात. मिरजेला जाताना गाडी वाटेत बराच वेळ अडकून पडली, कारण पुढे रूळ उखडल्याची आवई उठली होती, असंही त्यांना आठवतं. यावरून ही हकिकत १९४३ ते १९४५ या काळात बसवता येते. त्याहून नेमकं सांगणं धाडसाचं होईल. आजार स्तनाच्या कर्करोगाचाच होता, हेही अनुमानच आहे. मात्र गाठीचं वर्णन, झालेली शस्त्रक्रिया आणि नंतर हाताला आलेली सूज या तिन्ही गोष्टी एकत्र पाहता दुसरं निदान सुचत नाही.

गाठ प्रथम लागली ती पाटणकडच्या एका मुक्कामी, डाव्या बाजूला, काखेच्या अलीकडे. साळूबाई तेव्हा चाळिशीच्या आसपास होत्या. दोन्ही लेकी लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या होत्या. गाठ दुखत नव्हती. त्यांनी ती नवऱ्याला, गुंडाला, दाखवली आणि दोघांनी मिळून निदान केलं: दगडी. दुभत्या मेंढीच्या कासेत कधी दूध साकळतं, कास दगडासारखी घट्ट होते; त्या दुखण्याला मेंढपाळ दगडी म्हणतात. त्यावरचा इलाज घरोघरी ठाऊक होता. आधी मिठाच्या पुरचुंडीचा शेक, मग हळदीचा लेप, आणि तेवढ्याने भागलं नाही तर तापलेल्या सळईचा डाग. गुंडाने हे तिन्ही उपाय क्रमाने केले. डाग द्यायची वेळ आली तेव्हा सळई साळूबाईंनीच त्याच्या हातून घेतली, असं राहीबाई सांगतात. हे त्यांनी स्वतः पाहिलेलं नाही. साळूबाईंकडून ऐकलेलं आहे.

ही चूक अडाणीपणाची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. रोज शेकडो कासा हाताखालून जाणाऱ्या माणसांनी आपल्या अनुभवातलं सर्वांत जवळचं उदाहरण घेतलं, इतकंच. आणि ज्या अनुभवाने चूक घडवली, त्यानेच ती दुरुस्तही केली. पुढच्या हिवाळ्यात वाडा कऱ्हाडच्या बाजूला उतरला असताना साळूबाई एका सकाळी मेंढ्या पिळत होत्या. गाठ एव्हाना वाढली होती आणि तिच्यावरची कातडी आत ओढली जाऊ लागली होती. पिळता पिळता त्या थांबल्या आणि गुंडाला म्हणाल्या,

"आवं, भाकड मेंढीला कवा दगडी झाल्याली बघितलीया तुमी?"

गुंडा म्हणाला, न्हाई.

"मग मला कशी झाली? माझं दूध आटून किती वरसं झाली?"

त्या आठवड्यात तो मेंढरं भावाच्या हवाली करून साळूबाईंना घेऊन कऱ्हाडहून मिरजेच्या गाडीत बसला. सोबतीला राहीबाई होत्या. मिरजेला जावं हे कोणी सुचवलं, याची दोन उत्तरं मिळतात. नानासोंच्या मते आकारामने; राहीबाईंच्या मते एका शेतकऱ्याने, ज्याच्या रानात तेव्हा खतासाठी मेंढरं बसवली होती आणि ज्याचा फौजेतला मुलगा तिथे बरा झाला होता.

मिरजेच्या इस्पितळात डॉक्टरांनी गाठ तपासली, काख तपासली, डागाचा व्रण पाहिला. त्यांनी रागावून काही म्हटल्याचं राहीबाईंना आठवत नाही; गाठ किती दिवसांची आहे, एवढं दोनदा विचारलं. मग सांगितलं की स्तन, त्याखालचं मांस आणि काखेतल्या गाठी असं सगळं एकदम काढावं लागेल. त्या काळी या रोगावरची हीच सर्वमान्य शस्त्रक्रिया होती. साळूबाईंनी एकच गोष्ट विचारली: हात राहील का? हात राहील, पण पहिल्यासारखा चालेल याची हमी नाही, असं उत्तर मिळालं. त्यांनी होकार दिला.

इस्पितळातल्या मुक्कामाविषयी राहीबाई फार बोलत नाहीत. जखम मोठी होती आणि बरी व्हायला वेळ लागला, इतकंच. बोलतात त्या बनाबाईंविषयी. बनाबाई तिथल्या आया, मिरजेच्याच. टाके निघाल्यावर त्या रोज साळूबाईंना भिंतीसमोर उभं करत आणि डाव्या हाताची बोटं भिंतीवरून मुंग्यांसारखी वर चालवायला लावत. पहिल्या दिवशी मुंग्या कमरेपाशीच थांबल्या. बनाबाईंनी तिथे कोळशाची रेघ ओढली आणि उद्या हिच्या वर जायचं, म्हणून सांगितलं. घरी गेल्यावरही हे सोडायचं नाही, नाहीतर खांदा जागीच आखडेल, अशी ताकीद निघताना मिळाली. पावसाळा सरला की येऊन दाखवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. गाठ पुन्हा येईल का, या गुंडाच्या प्रश्नावर ते म्हणाले की ते कोणालाच सांगता येत नाही.

वाड्यावर परतल्यावर पहिली अडचण अशी आली की मेंढपाळाच्या पालाला भिंत नसते. साळूबाईंनी घोडं जवळ घेतलं. पुढच्या पायाच्या गुडघ्यापासून सुरुवात करून बोटं बरगड्यांवर, तिथून पाठीकडे चालवायची. भिंत हलत नाही, घोडं हलायचं. ते सरकलं की शिव्या घालून पुन्हा पहिल्यापासून. रेघ ओढायची सोय नव्हती, पण घोड्याच्या अंगावरच खुणा होत्या: एक जुना चट्टा, मग ओझं आवळायचा पट्टा, म्हणजे तंग, घासून केस गेलेली जागा. बोटं त्या केस गेलेल्या जागेच्या थोडी वर पोचू लागली आणि तिथेच अडली. पाठीपर्यंत डावा हात कधीच गेला नाही, पुढेही नाही.

शिवाय हाताला सूज आली. ती सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असे, पण पूर्ण कधी उतरत नसे. डाव्या मनगटातल्या बांगड्या फोडून काढाव्या लागल्या. नवरा समोर धडधाकट असताना एक हात मोकळा, हे बायकांच्या डोळ्यांत खुपू लागलं. एकीने हळूच गुंडाच्या तब्येतीची चौकशी केल्याचंही राहीबाई सांगतात. चोळीची एक बाजू रिकामी लोंबे. तिथे साळूबाईंनी कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर धुऊन, पिंजून भरली. ती मऊ असते आणि जखमेच्या व्रणाला टोचत नाही. राहीबाईंना ते कळलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"आक्का, म्हंजी तू आता एका अंगानं बाई आन् एका अंगानं मेंढी."

बोललेलं त्यांनाच लागलं. साळूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या की कातरायच्या दिवसांत तेवढं संभाळ गं, चुकून मलाच धरशील. मिरजेहून आल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या, असं राहीबाईंचं म्हणणं आहे. अशा "पहिल्यांदाच" गोष्टी माणसं मागाहून रचतात, याची जाणीव ठेवूनही हे इथे नमूद केलं आहे.

घोडं कोणी लादायचं, हा प्रश्न त्याच हंगामात समोर आला. पहिल्या सकाळी गुंडाने ते स्वतः लादलं. पुरुषाने घोडं लादणं हा वाड्यावर थट्टेचाच विषय, पण त्याने कोणाकडे पाहिलं नाही. आयुष्यभर त्याने बायकोला हे करताना पाहिलं असावं असं वाटेल. वस्तुतः त्या वेळी तो नेहमीच मेंढरांमागे पुढे गेलेला असायचा. पहिल्याच ओढ्यात सगळं ओझं घोड्याच्या पोटाखाली फिरलं. कोंबड्या पाण्यावरून ओरडत पांगल्या आणि त्या गोळा करायला सगळा वाडा खोळंबला. त्यानंतर राहीबाई आपलं घोडं लादून झालं की साळूबाईंचं लादू लागल्या. त्यामुळे बायकांना रोज निघायला उशीर होई. कळप मुक्कामी पोचे, पण पाल नाही, जाळी नाही, भाकरी नाही. एकदा उन्हात ताटकळून दोन कोकरं दगावली. त्यांतलं एक आकारामचं होतं.

म्हणून पावसाळा सरत आला आणि पुढच्या हंगामाची बोलणी सुरू झाली, तेव्हा आकारामने गुंडाला सांगितलं की साळूने यंदा गावाकडच्या वस्तीवर राहावं आणि तुझी मेंढरं तुझ्या भावाने न्यावीत. नानासो आपल्या चुलत्याची बाजू आग्रहाने मांडतात, आणि ती न्याय्य आहे. सगळ्या वाड्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. दया त्यांनाही येत होती. एका बाईसाठी सगळ्यांना रोज थांबवायचं कसं, हे मात्र त्यांना सुचत नव्हतं.

साळूबाईंच्या दृष्टीने वस्तीवर राहणं म्हणजे केवळ घरी बसणं नव्हतं. माणमधल्या वस्तीवर हंगामभर म्हाताऱ्या, आजारी आणि बाळंतीण बायकाच मागे राहत. तिथे राहणारी बाई मेंढराच्या कोणत्याही निर्णयात विचारली जात नसे. त्या गुंडाला म्हणाल्या, रोग काढून टाकला म्हणतात, आणि हे लोक मला पुन्हा रोग्यातच बसवायला निघालेत. आकारामच्या सांगण्याप्रमाणे मेंढरं भावाकडे देऊन आपणही मागे राहतो, असं गुंडा म्हणाला. साळूबाईंनी ते उडवून लावलं; दोघांनी एकमेकांची तोंडं बघत बसण्यापेक्षा ओढ्यात कोंबड्या धरलेल्या बऱ्या, असं त्यांचं मत होतं.

तोड सापडली ती अगदी साध्या प्रसंगी. घोडं रानात बांधाच्या खालच्या अंगाला चरत होतं आणि साळूबाई वरून चालल्या होत्या. त्याच्या पाठीवर गोचीड दिसली म्हणून त्या वाकल्या, आणि उजव्या हाताने ती काढता काढता त्यांच्या ध्यानात आलं की घोड्याची पाठ आज आपल्या कमरेच्या खाली आहे. बांध छातीइतका उंच होता. इथून ओझं वर उचलायचं नाही, खाली सोडायचं आहे.

नानासोंचं म्हणणं असं की ही युक्ती आकारामनेच सुचवली. ते ग्राह्य धरणं कठीण आहे. बायका घोडी लादत त्या वेळी आकाराम रोज कळपापुढे असत. त्यात नेमकी अडचण कुठे येते हे त्यांना ठाऊक असण्याचा संभव कमी. शिवाय पुढे जे घडलं त्याशी हे जुळत नाही.

पाऊस संपेपर्यंत साळूबाईंनी त्या बांधावर सराव केला. दोन मोठ्या गोण्यांच्या चार लहान शिवल्या. दोन-दोन गोण्या तोंडाशी दोरीने जोडायच्या, बांधाच्या कडेला मांडायच्या, आणि गुडघ्याने रेटून त्यांतली पुढची घोड्याच्या पाठीवरून पलीकडे सोडायची. मागची आपोआप अलीकडे राहते. मग खाली उतरून, पाय घोड्याच्या बरगडीला लावून, उजव्या हाताने तंग ओढायचा. डावा हात फक्त धरण्यापुरता. घोडं महिनोन्महिने अंगावर बोटं चालवून घेऊन इतकं सोशिक झालं होतं की ते बांधाला चिकटून उभं राही. सुरुवातीला ओझं कलंडे. मग कलंडेनासं झालं.

दिवाळी झाली, निघायचा दिवस ठरला, आणि आकाराम निरोपाचं बोलायला गुंडाच्या दारात आले. तेव्हा साळूबाई पुढे होऊन बोलल्या. राहीबाई हे संभाषण जवळपास शब्दशः सांगतात, आणि अनेकदा विचारूनही त्यात फरक पडत नाही.

"मामा, मिरजेच्या डाक्टरनं मला परत बोलिवलंया. हितनं मिरज कुनीकडं? वाड्यासंगं आले तर कऱ्हाडास्नं गाडीत बसले की झालं. हितं ठिवलंसा तर मी जायची कशी?"

आकाराम म्हणाले, "ते खरं हाय. पर घोडं कोन लादनार?"

"मीच, बांधावरनं. एक डाव बघा आन् मग काय ते ठरवा. माझ्यापाय एकीलाबी थांबाय लागलं, तर मी आपल्या पायानं माघारी फिरते. कुनी सांगाय नगं."

आकारामने विचारलं, "बांध नसंल तितं काय करशील?"

"तितं आदल्या दिशी मुक्काम नगा करू."

यावर गुंडा हसला, मग आकारामही. नानासोंनी हे वाक्य ऐकलं तेव्हा तेही हसले. मात्र बांधाची कल्पना चुलत्याचीच, हा आपला आग्रह त्यांनी सोडला नाही.

निघायच्या सकाळी आकाराम कळप दुसऱ्यांच्या हवाली करून मागे थांबले; गुंडाही थांबला. वाड्याच्या आठवणीत म्होरक्याने असं पूर्वी केलं नव्हतं. साळूबाईंनी घोडं बांधाला लावलं. जोडगोणी पलीकडे सोडली, दुसरी सोडली, जाळी टाकली, पाल टाकलं. तंग ओढताना पाय एकदा घसरला. गुंडा पुढे सरकला, आकारामने त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. साळूबाई उठल्या, पाय पुन्हा लावला आणि तंग आवळला. शेवटी कोकरं वर ठेवली. त्यांचं झालं तेव्हा दोन बायकांचं अजून व्हायचं होतं. आकारामने ओझ्याला धरून दोन-तीन हिसके दिले. ते हललं नाही. मग त्यांनी काठी उचलली आणि ते कळपामागे गेले. ओढ्यातून घोडं पार झालं तेव्हा राहीबाई मागे वळून कोंबड्या मोजत होत्या, असं त्या स्वतःच सांगतात.

कऱ्हाडजवळ पोचल्यावर साळूबाई एकट्या मिरजेला गेल्या. डॉक्टरांनी दोन्ही बाजू, काख आणि गळ्याखालचा भाग तपासला. नवी गाठ नव्हती. सुजेवर त्यांच्याकडे औषध नव्हतं. रात्री हात उशीवर उंच ठेवून निजावं आणि हाताला जखम होऊ देऊ नये, असा सल्ला त्यांनी दिला. बनाबाईंनी भिंतीपाशी उभं करून हात पाहिला आणि घोड्याची हकिकत ऐकून वॉर्डातल्या सगळ्या बायकांना ती पुन्हा सांगायला लावली. इथून पुढे किती वर्षं, याचं उत्तर तेव्हा कोणाजवळ नव्हतं. ते साळूबाईंनी मागितल्याचंही दिसत नाही. नंतरच्या निदान चार हंगामांत त्या वाड्याबरोबर होत्या, इतकं निश्चित सांगता येतं. हाताची सूज शेवटपर्यंत राहिली. बांगड्या पुढे रहिमतपूरच्या बाजारात एका कासाराने मोठ्या मापाच्या शोधून भरल्या.

मिरजेहून परतल्याच्या दुसऱ्या सकाळी वाडा हलायचा होता. मुक्कामाच्या रानाला एकाच बाजूने बांध होता आणि तोही मधे ढासळलेला. घोडं नीट लागेल अशी जागा थोडीच. साळूबाई घोड्याचा कासरा धरून तिथे पोचल्या तर ती जागा धरलेली. राहीबाई बांधावर उभ्या राहून आपल्या गोण्या खाली सोडत होत्या आणि त्यांच्यामागे आणखी एकीचं घोडं उभं होतं. साळूबाई मिरजेला गेल्या असताना राहीबाईंना दोन्ही घोडी लादावी लागली होती. बांधावरून कंबर दुखत नाही हे त्यांना तेव्हा कळलं, आणि पाहता पाहता ते सगळ्यांनाच कळलं.

"ए राही, सरक तिकडं. ती जागा माझी हाय."

"तुजं नाव हाय व्हय हितं?" राहीबाई मान वर न करता म्हणाल्या. "मागनं आलीस, मागं ऱ्हा."

साळूबाईंचा हात दुखतो, त्यांना आधी जाऊ द्या, असं कोणी म्हटलं नाही. त्याही ते म्हणाल्या नाहीत. कोकरू पोटाशी धरून त्या तिसऱ्या नंबरवर उभ्या राहिल्या, आणि राहीचा तंग नेहमी कसा ढिला असतो, हे उरलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत राहिल्या.